गव्हाण कुणी दिली?

नाताळच्या नाटकात हेरोद राजाच्या पार्टासाठी दरवर्षी भांडणं होतात. जरीचा फेटा, काजळाने काढलेल्या मिशा, खुर्चीवर बसून शिपायांवर ओरडायचं. दहा-बारा वर्षांच्या पोराला आणखी काय पाहिजे? मुलींना देवदूत व्हायचं असतं, पंखांसाठी. मरियेचा, म्हणजे येशूच्या आईचा, पार्ट कुणाच्या घरात जातो आणि त्यावर महिला मंडळात काय कुजबुज होते, ते इथे लिहीत नाही. राहिला तिचा नवरा योसेफ. तो कुणालाच नको असतो. "त्याला डायलॉगच नाही की ओ टीचर," असं एका पोराने मला तोंडावर सांगितलं.

पोरगं खरं बोलत होतं. बायबलातली येशूची चारही चरित्रं, म्हणजे शुभवर्तमानं, चाळून काढा, योसेफाच्या तोंडचं एक वाक्य सापडायचं नाही. त्यांतल्या लूकाच्या शुभवर्तमानात पहिल्या दोन अध्यायांत सगळे बोलतात, अर्धेअधिक गातात. मरिया गाते, म्हातारा जखऱ्या गातो, शिमोन गातो, आकाशातून सेना येते तीही स्तुती करत येते. योसेफ गप्प.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, लहान आहे. बेळगावहून खानापूरकडे जाताना रस्त्यापासून आत, भाताच्या खाचरांमधून वाट जाते, तिथे आमचं गाव. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० साली सुरू झालं, पुढे ते मेथडिस्टांकडे गेलं. आमच्यासारखी मराठी घरं त्या धाग्यातली. कॅथलिकांचा पसारा वेगळा. त्यांचा बेळगाव धर्मप्रांत १९५३ चा, आणि कॅम्पातल्या फातिमा कॅथेड्रलमधली मध्यरात्रीची मिसा बघायला आमच्यातलेही पुष्कळ जण जातात. पण नाटक आमचं. संडे स्कूलची मुलं, बांबूवर ताणलेली चादर, दिवाळीतून उरलेला आकाशकंदील हाच बेथलेहेमचा तारा. ते बसवायचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे या गोष्टीतल्या माणसांशी माझा दरवर्षी संबंध येतो, आणि दरवर्षी एखादा माणूस मला नव्याने अडवतो. योसेफाने तर फारच अडवलं.

त्याची अडचण मुलांना सांगता येत नाही, मोठ्यांना सांगावी लागत नाही. मागणी झालेली, मुलगी अजून घरी आणायची आहे, आणि ती पोटुशी. गाव नासरेथसारखं लहान. अशा वेळी पुरुषाकडे बोलण्यासारखं पुष्कळ असतं, ऐकणारेही लागतील तेवढे मिळतात, आणि मोशेचं नियमशास्त्र तर कडकच होतं. दुसरा शुभवर्तमानकार मत्तय एवढंच सांगतो की तो नीतिमान होता, तिची बेअब्रू करायची त्याच्या मनात नव्हती, म्हणून तिला गुपचूप सोडावं असा त्याने विचार केला. हे सगळं स्वप्न पडायच्या आधीचं आहे, आणि मला त्यातच खरी गोम वाटते. देवदूत अजून आलेला नाही. आपण फसवले गेलो असंच तो धरून चाललाय. आणि तरीही चारचौघांत तमाशा नको म्हणतो. देवाचा आवाज कानावर पडल्यावर कुणीही शहाण्यासारखं वागेल हो. हा त्याच्या आदल्या दिवशीच शहाणा होता.

मग स्वप्नं. मत्तयात योसेफाला चार वेळा स्वप्नात सांगणं येतं. मरियेला घरी आण. लेकराला घेऊन मिसरात, म्हणजे इजिप्तात, पळ. परत ये. यहूदीयात नको, गालीलात जा. दर वेळी पुढची ओळ जवळजवळ तीच, की तो उठला आणि त्याने तसं केलं. मिसरात जायचं ते तर रात्रीच निघाला, सकाळची वाट न बघता. हत्यारं, गिऱ्हाइकं, उधारी, सगळं मागे टाकून निघालेला सुतार तो. तिकडे त्याला काम कुठलं मिळालं असेल, कुणाच्या ओसरीत राहिले असतील, मत्तयाने त्यात वेळ घालवला नाही.

आणखी एक काम देवदूत त्याच्यावर सोपवतो, ते आमच्या नाटकात कुणाच्या लक्षात येत नाही. नाव तू ठेव, म्हणतो. त्या समाजात बापाने नाव ठेवलं की मूल त्याचं झालं. आपल्याकडे हे वेगळं सांगायला नको, आपलं मधलं नाव म्हणजे बापाचं नाव; दाखल्यावर, रेशनकार्डावर, लग्नपत्रिकेत ते माणसाच्या मागेमागे फिरतं. माझ्या माहेरच्या गल्लीत एक गवंडी होते. त्यांच्या बायकोला पहिल्या घरचं मूल होतं. शाळेत घालताना हेडमास्तरांनी बापाचं नाव विचारलं, तर म्हणाले, "लिवा की माझं." झालं. पुढे गल्लीत कुणी तो विषय काढला नाही असं नाही, पण काढला की ते थापी उचलून भिंतीकडे तोंड करायचे. येशू मोठा होऊन नासरेथच्या सभास्थानात बोलायला उभा राहिला तेव्हा लोक म्हणाले, हा योसेफाचाच मुलगा ना? तीस वर्षांनंतरही गावाच्या तोंडी तेच मधलं नाव होतं.

त्या पोराला मी योसेफाचाच पार्ट दिला. कुरकुर झाली. पण रंधा हातात दिल्यावर, आणि तो खरा रंधा होता, गप्प बसला.

मग येते नावनिशी. रोमचा बादशहा कैसर औगुस्त याचा हुकूम सुटतो, ज्याने त्याने आपापल्या मूळ गावी जाऊन नाव लिहून द्यायचं, तेव्हा क्विरीनिय सूरियाचा सुभेदार होता असं लूक लिहितो. (इतिहासकार इथे अडतात. मत्तय येशूचा जन्म हेरोदाच्या काळातला सांगतो, हेरोद इ. स. पू. ४ मध्ये मेला असं धरतात आणि क्विरीनियाची नावनिशी इ. स. ६ मधली, तेव्हा गणित जुळत नाही. त्यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे, मी आणखी ओतत नाही.) नासरेथहून योसेफाचं मूळ गाव बेथलेहेम रस्त्याने सव्वाशे-दीडशे किलोमीटर. म्हणजे बेळगावहून कोल्हापूर गाठायचं आणि वर थोडं चालायचं. आपण कोगनोळीचा नाका ओलांडून दोन-अडीच तासांत पोचतो, तरी कंबर धरते. तिला दिवस भरत आलेले.

सीमाभागातल्या माणसाला ही नावनिशी फोड करून सांगावी लागत नाही. माझे आजोबा मुंबई इलाख्यात जन्मले. वडिलांची नोकरी म्हैसूर राज्यात लागली आणि कर्नाटकात संपली. घर तेच, उंबराही तोच. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचनेत वरचा कागद बदलला आणि खाली आमचं सगळं बदललं. मग सीमावादावर महाजन आयोग आला, २००४ साली दावा सुप्रीम कोर्टात गेला, २०१४ मध्ये बेळगावचं बेळगावी झालं. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये येतो, तो वाचून घ्यायला मी शेजारच्या कन्नड बाईंकडे जाते आणि त्या मुलीच्या सासरहून आलेलं मराठी पत्र घेऊन माझ्याकडे येतात. आमच्या घरातली माणसं सत्याग्रहाला गेलेली आहेत, तेव्हा हुकुमाशी भांडणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण लूकाची मांडणी मला हुशारीची वाटते. तो सुरुवात बादशहापासून करतो. रोममध्ये एक माणूस काहीतरी फर्मावतो आणि पार गालीलात एका अवघडलेल्या बाईला चप्पल पायात घालावी लागते. तिथून पुढे त्या अख्ख्या अध्यायात बादशहाचं नाव पुन्हा येत नाही. लूकाला त्याच्याशी एवढंच काम होतं.

आता त्या खाणावळवाल्याकडे येते.

आमच्या नाटकात सगळ्यात मोठा हशा त्याला मिळतो. योसेफ चादरीवर टकटक करतो, हा आतून डोकं काढून खेकसतो, "जागा नाही! पुढं व्हा बघू!" लोक टाळ्या पिटतात. मग उपासनेत पाळकसाहेब विचारतात, बंधुभगिनींनो, तुमच्या अंतःकरणात तरी जागा आहे का? आणि सगळे माना खाली घालतात. बिचारा खाणावळवाला. बायबलात तो नाहीच. लूकात आहे ती एक ओळ. तिने बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, कारण उतारशाळेत त्यांना जागा नव्हती. दार वाजवणं नाही, हाकलणं नाही. गोठा हा शब्दसुद्धा नाही. बैल आणि गाढवही नाहीत. बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव आपल्या मालकाची गव्हाण, असं यशयाच्या पहिल्या अध्यायात आहे, तिथून पुढच्या लोकांनी ती जनावरं आणून बांधली. असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो गावी खरा बैल आणि खरं गाढव उभं करून देखावा केला, तेव्हापासून ती हलायला तयार नाहीत. असू देत. पोरांना आवडतात.

गव्हाण मात्र लूकाची आहे, आणि तिथे थोडं थांबायला पाहिजे. त्या मुलखातल्या जुन्या शेतकरी घरांचा अभ्यास केलेले काही जण सांगतात की जनावरं वेगळ्या गोठ्यात नसायची, घरातच असायची. एकच मोठी खोली, दाराजवळचा भाग खोलगट, तिथे रात्री जनावरं. वरच्या कट्ट्यावर माणसं, आणि दोन्हींच्या मधल्या कडेला गव्हाण. हे वाचताना मला थेट आजोळ दिसलं. आमच्या आजोळी दार उघडलं की आधी म्हशी. उजव्या हाताला दगडी गव्हाण, तिची कड म्हशींच्या मानांनी घासून घासून हाताला तेलकट लागायची. दोन पायऱ्या चढून सोपा, सोप्यात आजीची चूल. थंडीत म्हशींच्या श्वासाची ऊब वरपर्यंत यायची. रात्री मध्येच जाग आली की अंधारात रवंथ केल्याचा आवाज, आणि साखळी सरकल्याचा. अशा घरात कुणी बाळंत झाली तर तिला गुरांकडच्या बाजूला आडोसा करून देतील. पाहुण्यांच्या गर्दीत तीच जागा त्यातल्या त्यात खासगी, शिवाय उबेची.

म्हणजे जत्रेला आपलं घर भरतं तसं बेथलेहेममधलं ते घर भरलं असणार. नावनिशीला सगळे मूळ गावी आलेले, दाविदाच्या घराण्यातले नातलग ओळीने आडवे पडलेले, पाहुण्यांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. या बाईचे दिवस भरले. आणि कुणीतरी गव्हाण रिकामी करून दिली.

गव्हाण रिकामी करणं म्हणजे काय, ते गुरं असलेल्या घरात विचारा. उरलेली वैरण काढायची. तळाशी बसलेला ओला चोथा हाताने खरवडायचा. लाळेने बुळबुळीत झालेला दगड पुसून घ्यायचा, वर कोरडं पिंजर घालायचं, त्यावर एखादं जुनेर. आणि ते जनावर रात्रभर तोंड घालायला येत राहणार, तेव्हा त्याला आखूड बांधायचं. हे काम कुणीतरी त्या रात्री केलं. बहुतेक बाईच असेल, बाळंतपणाच्या रात्री पुरुषांना कोण विचारतं? तिचं नाव लूकाने लिहिलं नाही. आम्ही मात्र जो माणूस नव्हताच त्याला नाटकात घेतला, त्याच्यावर संदेश दिले, आणि जी नक्की होती तिला पार्टच नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये जिल्ह्यात पुराने जो हाहाकार केला तो सगळ्यांना आठवत असेल. मलप्रभा, मार्कंडेय, घटप्रभा, सगळ्या एकदम फुगल्या. आमच्याकडे पाणी घरात आलं नाही, पण सततच्या पावसाने मातीच्या भिंती बसल्या. त्या दिवसांत खालच्या आळीतल्या एका म्हातारीने आपलं कोंबड्यांचं खुराडं रिकामं केलं. खुराडं म्हणजे घरामागची पत्र्याची खोलीच, माणूस वाकून उभा राहील एवढी. ती तिने धुतली, शेणाने सारवली, कोपऱ्यात शेगडी ठेवली आणि भिंत पडलेल्या घरातल्या ओल्या बाळंतिणीला तिथे नेलं. तिच्या दोन खोल्यांत आधीच नात्यातली बिऱ्हाडं येऊन पडली होती. "जागा आहे का गं?" असं कुणी विचारलं असतं तर "नाही" म्हणाली असती. नव्हतीच की. कोंबड्या आठवडाभर तिच्या खाटेखाली आणि चुलीमागे होत्या, आणि तिचं त्यावरचं बोलणं पाळकसाहेबांच्या कानावर पडलं नाही ते बरं झालं.

मेंढपाळांबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे.

सुगी आटपली की हुक्केरी, संकेश्वर, चिकोडी भागात धनगरांचे तळ पडायला लागतात. शेतकरी त्यांना बोलावून शेतात मेंढरं बसवून घेतो; लेंडीखत आयतं मिळतं, बदल्यात धान्य नाहीतर पैसे. हेच शेतकरी शेजारच्या हरभऱ्यात एखादं मेंढरू शिरलं की त्यांच्या सात पिढ्या काढतात. खत पाहिजे, माणूस वस्तीपासून लांब असलेला बरा. बेथलेहेमच्या माळावरचे मेंढपाळ आणि बेथलेहेमची वस्ती यांच्यात काही वेगळं असेल असं मला वाटत नाही.

संकेश्वरजवळ नणंदेच्या शेतात असा तळ पडला होता तेव्हा मी तिथे मुक्कामाला होते. वाघरीचं जाळं खुंट्यांना ताणून गोल केलेला, आत मेंढरं अंगाला अंग लावून, बाहेर कुत्री. तीन दगडांच्या चुलीवर बाई भाकरी थापतेय, शेजारी डालग्याखाली लहान कोकरं. दव इतकं की घोंगडीचा ओला लोकरी वास लांबून यायचा. रात्री एक मेंढी व्यायला लागली. म्हातारा धनगर उठला, बॅटरी नातवाच्या हातात दिली आणि उकिडवा बसला. कोकरू बाहेर आल्याबरोबर त्याने दोन बोटांनी त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढला, मागचे पाय धरून हलकं झुलवलं, मग आईच्या तोंडाजवळ ठेवलं. ती चाटायला लागली तरी हा उठला नाही. वार पडेपर्यंत बसून राहिला. मग सडातली पहिली धार जमिनीवर पिळून टाकली, कोकराचं तोंड सडाला लावलं आणि त्याने चोखलेलं बघूनच घोंगडीत शिरला. नातू उभ्याउभ्या पेंगत होता. त्याला म्हणाला, "धर की नीट बॅटरी, तुझंबी असंच केलंय."

तेव्हापासून लूकाचा दुसरा अध्याय वाचताना तो म्हातारा समोर येतो. पहिली बातमी मेंढपाळांनाच का गेली? गरीब म्हणून, तुच्छ लेखलेले म्हणून, असं संदेशात सांगतात. तेही असेल. पण रात्रीच्या त्या वेळी, त्या गावात, पेंढ्यातलं ओलं तान्हं मूल आणि दमलेली आई बघून संकोचणार नाही असं दुसरं होतं कोण? याजक आला असता तर आधी विटाळाचा विचार केला असता. या माणसांना रक्त, वार, पेंढा, जनावरांचा वास, सगळं रोजचं. त्यांना खूण काय दिली तीही बघा. देवळात जा, असं नाही. बाळंत्यात गुंडाळलेलं बाळ गव्हाणीत निजलेलं दिसेल. दुसऱ्या कुणाला ही खूण विचित्र वाटली असती. त्यांनी तिथे पोचल्यावर आधी दार ओढून घेतलं असेल, वारा लागतोय म्हणून.

आणि बघून झाल्यावर ते परत गेले. लूक तसं स्पष्ट लिहितो, देवाची स्तुती करत परत गेले. कुठे? मेंढरांकडे. कुणी शिष्य झालं नाही, कुणी धंदा सोडला नाही. पुढे कुठल्याच शुभवर्तमानात त्यांचा उल्लेख नाही. आयुष्यात एकदा आकाश फाटलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मेंढरं मोजायची. साक्षीच्या सभेत आयुष्य पालटल्याच्या गोष्टी ऐकून ज्यांना आपलं काहीच पालटलं नाही म्हणून चुटपुट लागते, त्यांनी हे परत जाणं जरा बघावं.

आमच्या नाटकात देवदूत झालेली मुलगी एका वर्षी कन्नड घरातली होती. मराठी वाक्य तिने पाठ केलं होतं, पण घोंगड्या घेतलेली पोरं समोर बघून तिची तारांबळ उडाली आणि ती घरच्या भाषेत ओरडली, "अंजब्याड्री!" भिऊ नका. सगळं अंगण हसलं. मेंढपाळ झालेल्या पोरांना मात्र ते बरोबर कळलं, ती तशीही शाळेत निम्मा दिवस कन्नडच बोलतात. पुढच्या वर्षापासून ती ओळ दोन्ही भाषांत ठेवली. कुणाची तक्रार आली नाही, आणि आमच्या भागात हे सोपं नाही.

तारा बघून पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांवर माझा फारसा जीव नाही. ते तीन होते असं मत्तय म्हणत नाही, राजे होते असंही नाही. दानं तीन म्हणून माणसं तीन झाली. ते आले तेव्हा मूल घरात होतं. पुठ्ठ्याचे मुकुट, ऊद-गंधरसाचे डबे, पोरांना हौस, माझी ना नाही. पण शिकलीसवरलेली माणसं, ग्रह-तारे वाचणारी, राजाच्या दारात जाऊन विचारतात की नवा राजा कुठे जन्मला! हेरोदाने संशयावरून स्वतःच्या बायकोला आणि मुलांना ठार केलं होतं, हे परक्यांना ठाऊक नसेल म्हणा. त्यांच्या भाबड्या प्रश्नाची किंमत बेथलेहेमच्या लेकरांनी भरली, हेरोदाने तिथली तान्ही मुलं मारून टाकली. कॅथलिक मंडळी २८ डिसेंबरला त्या बाळांची आठवण करतात. आम्ही नाटकात तो प्रसंग घेत नाही. हेरोद ओरडतो, पडदा पडतो, मग केक. इतक्या लहान मुलांकडून ते करून घ्यायला माझं मन होत नाही, पण तो वगळल्यावर हेरोद नुसता विनोदी माणूस उरतो, हेही खरं.

मरियेला आम्ही खाली मान घालून बसवतो. निळी ओढणी, हात जोडलेले. लूकातली मरिया अशी बसलेली नाही. बातमी कळल्यावर ती लगबगीने डोंगराळ मुलखात अलीशिबेकडे निघते. पहिलटकरीण पोर, आणि तिने गाठली कोण, तर म्हातारपणी गरोदर राहिलेली नातलग. दोघींच्या पोटांवर गावाचं बोलून झालं नसेल असं होणार नाही. एकीचं लग्नाआधी, दुसरीचं वय उलटल्यावर. तीनेक महिने त्या एका घरात होत्या. अलीशिबेचा नवरा जखऱ्या तेव्हा मुका झालेला होता, त्यामुळे घरात बोलणं फक्त या दोघींचंच. (हे लूकाने मुद्दाम केलं असेल तर मी त्याच्या पाया पडते.) आणि तिथे मरिया जे गाणं म्हणते त्यात अधिपतींना आसनांवरून खाली ओढलंय, भुकेल्यांना पोटभर दिलंय, श्रीमंतांना रिकाम्या हाताने लावून दिलंय. घाटाखाली गोव्यात फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत बांधली, ती १६१६ साली छापली गेली. चारशे वर्षं आपल्या भाषेत ही गोष्ट फिरते आहे, तरी मरियेची मान आम्ही अजून वर केलेली नाही.

आणि हन्ना. तिला तर आम्ही कधी घेतलंच नव्हतं, कारण तिचा प्रवेश चाळीस दिवसांनंतरचा, बाळाला यरुशलेमच्या मंदिरात नेल्यावरचा. आईबापांनी तिथे जे अर्पण दिलं ते होल्यांचं नाहीतर पारव्याच्या पिलांचं, आणि मोशेच्या नियमात ते कोकरू परवडत नाही त्यांच्यासाठी सांगितलंय. शिमोन बाळाला हातात घेतो, गातो, आणि मरियेला सांगतो की तुझ्या जिवात तलवार शिरेल. नाताळात ही ओळ कोण वाचणार? तेवढ्यात हन्ना येते. फनुएलाची मुलगी, आशेर वंशातली. सात वर्षं संसार झाला, मग वैधव्य. आता वय चौऱ्याऐंशी. मंदिर सोडून जात नाही.

आपल्याकडे बारशाला पाळण्यापाशी कोण उभं असतं? सवाष्णी. विधवा आजी सख्खी असली तरी दाराच्या बाजूला. आम्ही ख्रिस्ती होऊन पिढ्या झाल्या, कुंकू गेलं, तरी ही रीत काही घरांतून गेली नाही. फक्त त्याला कुणी रीत म्हणत नाही, म्हातारी आपणहून मागे राहते. सीमेपलीकडे शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा आमच्या महिला मंडळात त्याची बातमी वाचून दाखवली आणि सगळ्यांनी चांगलं झालं म्हटलं. आमचा काय संबंध, असाही एक सूर होता. लूकाने मात्र देवळात त्या बाळाभोवती जी माणसं उभी केली त्यात ही म्हातारी विधवा आहे, संदेष्ट्री म्हणून आहे, आणि यरुशलेमच्या सुटकेची वाट बघणाऱ्या सगळ्यांना ती त्या बाळाविषयी सांगत सुटते. शिमोनासारखी ती मरणाची भाषा करत नाही. तिला सांगायचं असतं.

गेल्या वर्षी शेजारच्या घरात मुलगी झाली. बाळाला देवाला अर्पण करायच्या उपासनेला खुराडंवाली म्हातारी नेहमीसारखी मागच्या बाकावर. बाळाची आई वेदीकडे जाता जाता वळली, मागे गेली आणि बाळ आधी तिच्या मांडीवर ठेवलं. सासूच्या कपाळाला आठी पडली, पाळकसाहेब पुस्तक उघडं धरून थांबले. म्हातारीने बाळाच्या टाळूवर हात ठेवून काहीतरी पुटपुटलं, एक दहाची नोट दुपट्यात खोचली, आणि परत दिलं. आता रेशनच्या रांगेत, गिरणीत, एसटीच्या थांब्यावर ती भेटेल त्याला त्या पोरीचं सांगते. पोरगी पालथी पडली, पोरीला दात आला, पोरगी आपल्याकडे बघूनच कशी हसते. दुकानदाराने अंगठा लाव म्हटलं तरी आधी दात.